भाचीच्या मागे तळ्याभोवती

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी सांगते, एक तळं पाहिलं. विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. तळी नागपुरातही आहेत, त्यासाठी एवढा वेळ विमानात अवघडून बसायची काय गरज होती, असं त्याच्या मनात येतं आणि ते तोंडावर दिसतंही. उंच इमारतीही मी पाहिल्या, नाही असं नाही. पण मान वर करून दोन मिनिटं पाहिलं की इमारत संपते. तळ्याभोवती मी साडी खोचून, दुसऱ्याचे बूट घालून चालले, पावसात भिजले, डासांना पोटभर जेवण दिलं. म्हणून सांगायचं तर त्याच्याबद्दलच सांगते.

ट्रॉय

माझा धाकटा भाऊ अरविंद मिशिगन राज्यात ट्रॉय नावाच्या गावी असतो. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याची बायको नलिनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यांना सतरा वर्षांची एक मुलगी, संघमित्रा. आमच्या वडिलांनी नागपुरातून पत्राने कळवलेलं हे नाव. शाळेत त्याची मिट्रा झाली आहे. घरी आम्ही मित्रा म्हणतो.

शहाऐंशी सालचा ऑगस्ट होता. पहिल्या सकाळी मी खिडकीतून पाहते, तर माझ्याच वयाची एक बाई अर्ध्या चड्डीत जिवाच्या आकांताने पळत होती. मागे कुत्रं लागलंय का म्हणून पाहिलं. कुत्रं होतं, पण ते तिचंच होतं आणि बिचारं तिच्याहून दमलेलं होतं. पाठोपाठ एक गृहस्थ गेले, मग नवरा-बायकोची जोडी. कुठे आग लागली असावी असं वाटून मी नलिनीला हाक मारली. ती म्हणाली, "नाही हो वन्सं, जॉगिंग करताहेत. इथे सगळेच करतात." दूध आणायला दोन फर्लांगावर जायचं तरी ही माणसं गाडी काढतात, आणि कुठेही जायचं नसलं की पळतात.

आमची मित्रा मात्र पळायची म्हणून पळणाऱ्यांतली नव्हती. ती शाळेच्या संघात होती. रानातून, टेकड्यांवरून, चिखलातून पळायच्या शर्यती असतात, त्यात तिचा नंबर यायचा. तिच्या कोचबाईंनी पुढच्या वसंतात दोन मुलींना स्कॉटलंडला न्यायचं ठरवलं होतं. तिथे डोंगरांमधल्या एका तळ्याकाठी, ओकच्या रानात, तिथल्या एका शाळेतल्या मुलींबरोबर तीन आठवडे राहायचं आणि पळायचं. दोघींपैकी एक मित्रा होती. त्या तळ्याचा फोटो तिने फ्रिजवर चिकटवला होता. काळं पाणी, वर ढग, काठाने गेलेली लाल मातीची वाट.

अरविंद नाही म्हणाला होता. का, ते सांगत नव्हता. घरात दोन महिने या विषयावर शांतता होती, म्हणजे भांडण होतं. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्या, तू बाबाला समजाव ना. बाबा लिसन्स टू यू." चौथ्या दिवशी अरविंदने बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू तिला समजाव. तुझं ऐकते ती." तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेलं असल्यामुळे दोन्ही बाजूंची वकिली घ्यायची मला सवय आहे. मी दोघांनाही हो म्हटलं.

अरविंदला मी एवढंच विचारलं की, ज्या नावाची राजकन्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली, ते नाव तू मुलीला ठेवलंस, मग आता का अडवतोस? तो म्हणाला, नाव आपल्या बाबांनी ठेवलं, मी नाही. आणि वर्तमानपत्र वाचायला लागला.

पुलापलीकडे

मला कुठेतरी फिरवायला न्यायचं हे ठरलेलंच होतं. राज्याच्या उत्तर टोकाला, पुलापलीकडे रानं आणि तळी आहेत, तिथे चार दिवस जायचं असं ठरलं. नलिनीला ड्युटी बदलून मिळेना, म्हणून आम्ही तिघंच निघालो. तिने डबे दिले: तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी आणि बरणीभर ठेचा. चार दिवसांना एवढं कशाला, असं अरविंद म्हणाला. पूल येईपर्यंत पुऱ्या संपल्या होत्या.

पूल पाच मैलांचा आहे. दोन मोठ्या सरोवरांमधल्या खाडीवर तो तारांनी टांगलेला आहे, आणि आतल्या बाजूला गाड्या जातात तिथे जमिनीऐवजी लोखंडी जाळी आहे. चाकांखाली घूंऽऽ असा आवाज येतो आणि जाळीतून खाली पाणी दिसतं. अरविंद मला वाऱ्याचा दाब, तारांचा ताण, सगळं समजावून सांगत होता. मी डोळे मिटून मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होते. मागच्या सीटवर मित्रा कानाला वॉकमन लावून झोपली होती.

पलीकडे पोचल्यावर जेवायला थांबलो. तिकडे पॅस्टी नावाचा पदार्थ मिळतो. पूर्वी खाणीत काम करायला आलेल्या लोकांनी तो आणला म्हणे. दिसायला हुबेहूब करंजी, पण आकाराने चपलेएवढी. आत खिमा, बटाटा आणि कसलासा पिवळा कंद. मीठ सोडून मसाला शून्य. नागपूरची जीभ घेऊन गेलेल्या माणसाला ही करंजी म्हणजे शिक्षाच. मी पर्समधून ठेच्याची बरणी काढली तेव्हा मित्राने आपण या बाईला ओळखत नाही असा चेहरा केला. मग इकडे तिकडे पाहून हळूच तिनेही चमचाभर घेतला.

तळ्याकाठी

तळ्याचं नाव सांगून उपयोग नाही. नकाशात ते ठिपक्याएवढं आहे. पण भोवतीची वाट आठ मैलांची. काठाला पांढऱ्या सालीचे बर्च, मागे मेपल, आणि ओल असेल तिथे सिडारचं काळंभोर रान. आम्ही उतरलो ते लाकडी घर एल्स्पेथ नावाच्या बाईंचं होतं. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पुरुषी स्वेटर, आणि इंग्रजी अशी की अरविंदलाही दर वाक्याला "पार्डन?" म्हणावं लागे. बाई मूळच्या स्कॉटलंडच्या होत्या, हे कळल्यावर अरविंदने मित्राकडे संशयाने पाहिलं. ही जागा तिनेच शोधून सुचवली होती.

बाई तळ्याला लेक म्हणत नसत, लॉख म्हणत. शेवटचा ख घशातून घासून यायचा. पन्नास वर्षं झाली, एकाही अमेरिकन माणसाला हे म्हणता आलं नाही, सगळे लॉक म्हणतात, अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, लॉख. त्यांनी परत म्हणायला लावलं. आमच्या बाराखडीतला ख त्यांच्या ख इतका खरखरीत नाही, पण त्यांना तो चालला. त्यानंतर मला चहात बिस्किटं जास्त मिळू लागली.

अरविंदने त्यांना विचारलं, इथे आल्यावर परत कधी मायदेशी गेलात का? त्या म्हणाल्या, एकदा गेले होते. पाऊस पडत होता. परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रा तळ्याची फेरी पळून आली तेव्हा मी आणि बाई व्हरांड्यात रानातली लाल बोरं निवडत होतो. दिसायला रासबेरीसारखी, चवीला आंबट, करवंदाच्या जवळ जाणारी. पाण्यावर काळापांढरा एक पक्षी ओरडत होता. रडतोय की हसतोय ते शेवटपर्यंत कळत नाही. मित्रा पायरीवर बसली. तोंड लाल, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. तिला इतकं खूश मी ट्रॉयमध्ये पाहिलं नव्हतं. अरविंद आत ऑफिसचे कागद पसरून बसला होता.

दुपारी जेवताना तिने विषय काढलाच. ती म्हणाली, "बाबा, तू एकदा माझ्याबरोबर राउंड कर. मग नाही म्हण."

"त्याने काय होणार आहे?"

"यू विल सी व्हॉट आय डू. तू कधी पाहिलंच नाहीस."

हे खरं होतं. शर्यती शनिवारी असायच्या आणि शनिवारी कारखान्यात नेहमी काहीतरी निघायचं. अरविंदने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, चल.

फेरी

त्याचे बूट तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतलेले होते आणि दुकानातून आल्यासारखे पांढरे शुभ्र होते. माझ्या चपला पाहून मित्राने स्वतःचे जुने बूट मला दिले; आमचं माप एकच निघालं. साडी वर खोचून, पदर कमरेला बांधून मी तयार झाले. एल्स्पेथबाईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि आमच्याकडचे पुरुषही असाच घागरा घालतात, असं काहीसं म्हणाल्या.

झाडांवर थोड्या थोड्या अंतराने निळ्या खुणा रंगवलेल्या होत्या. खुणा सोडायच्या नाहीत, एवढाच नियम. मित्रा आमच्यासाठी अगदी हळू पळत होती, म्हणजे मी झपाझप चालले की तिच्याबरोबर राहत होते. अरविंद पळत होता. पहिला अर्धा मैल त्याने मला झाडांची नावं सांगितली. पुढचा अर्धा मैल तो काहीच बोलला नाही. मग एका ओंडक्याशी थांबून बुटाची नाडी बांधायला लागला. ती सुटलेली नव्हती.

तो मित्राला म्हणाला, तू मागे फिर, उलट्या बाजूने पूर्ण फेरी पळ आणि आम्हाला समोरून येऊन भेट. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती गेली.

आम्ही दोघं चालत राहिलो. पायाखाली पानांचा कुजका, मऊ थर, मुळं सापांसारखी वाटेवर आडवी पडलेली. पानांतून येणारा उजेड हिरवा होता. मुकाट चालणं आम्हा भावंडांना लहानपणापासून छान जमतं.

तीनेक मैलांवर वाट फुटली. निळी खूण चढावर गेली होती. खाली तळ्याच्या कडेने दुसरी, जरा पुसट वाट होती. मी म्हटलं, खूण वर आहे. अरविंद म्हणाला, "ताई, तळ्याला फेरी मारायची आहे. काठ सोडला नाही तर माणूस चुकेल कसा?" एवढं तर्कशुद्ध बोलणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा. आम्ही खाली उतरलो.

ती वाट बहुतेक मासे पकडणाऱ्यांची असावी. पाव मैलात ती पाण्यात घुसलेल्या एका जिभेसारख्या जमिनीवर संपली. पुढे दलदल, पडलेले सिडार, काळं पाणी. परत फिरूया असं मी म्हणतेय तोवर अरविंद एका ओंडक्यावर चढला. पलीकडे वाट दिसते का बघायची होती त्याला. शेवाळावरून पांढरा बूट सटकला, पाय दोन ओंडक्यांच्या फटीत गेला आणि तो खाली बसला. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "ताई, गडबड झाली."

घोटा माझ्या डोळ्यांदेखत सुजला. उभं राहायचा त्याने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात पाऊस आला. आवाज न करता येणारा, धुक्यासारखा. मी घाबरले होते. तीन मैल परत जाऊन मदत आणावी, तर याला एकट्याला सोडावं लागणार. आणि मी वाट चुकले तर दोघंही दोन ठिकाणी हरवणार. मित्रा तर वरच्या वाटेने आम्हाला न भेटताच पुढे जाणार होती. मी मला जे येतं ते केलं. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज काढून दर दोन मिनिटांनी "मित्राऽऽ" अशी हाक मारत राहिले. तळ्यावरचा तो पक्षी मला उत्तर देऊ लागला. त्याचा मला भयंकर राग आला.

तासाभराने तिचं "आत्याऽऽ" ऐकू आलं. मग झाडीतून ती आली, नखशिखांत भिजलेली. फेरी पुरी करून ती घरी पोचली होती, आम्ही वाटेत भेटलो नाही म्हणजे कुठेतरी चुकलो हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि पाणीही न पिता ती पुन्हा तीन मैल पळत आली होती. बापाजवळ गुडघ्यांवर बसली. बूट काढू नको म्हणाली. स्वतःचा स्वेटशर्ट काढून त्याच्या बाह्यांनी तिने घोटा करकचून बांधला, पाय ओंडक्यावर उंच ठेवला.  अरविंद म्हणाला, तुमच्या दोघींच्या खांद्यावर हात टाकून मी हळूहळू चालेन.

"नो, बाबा. तू चालणार नाहीस. मी बोट घेऊन येते. हलायचं नाही."

आमच्या घरात अरविंदशी असं कुणी बोलत नाही. तो "बरं" म्हणाला.

ती उठली आणि पळाली. मघाशी आमच्याबरोबर पळत होती ते पळणं नव्हतंच. मुळं, दगड, पडलेली झाडं यांवरून ती अशी गेली की पाय कुठे टेकला ते दिसलं नाही. झाडांमधून तिचा पांढरा शर्ट दोनदा चमकला आणि मग नाहीसा झाला. अरविंद मान वळवून तिकडे पाहत होता. ती दिसेनाशी झाल्यावरही पाहत होता.

मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, ताई, तुला वाटतं मी मुलगी म्हणून अडवतोय. तसं नाही. मी एकोणीस वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी आलो होतो. दोनच वर्षं, असं बाबांना सांगून आलो होतो.

"मी आलो का परत?" त्याने विचारलं.

बाबा गेले तेव्हा तार त्याच्या हातात पडेपर्यंत इकडे सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. आता एवढंच म्हणाला की जाणारा माणूस तीन आठवड्यांचंच सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

 याला पाठवा म्हणून आठ दिवस बाबांच्या मागे मीच लागले होते. ते गिरणीतून यायचे, हातपाय धुवायचे आणि नाही म्हणायचे. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, तिकडे थंडी किती असते? मी त्याला हे सांगितलं. मग त्याने जे विचारलं ते ऐकायला मला बरं वाटलं नाही. त्याने विचारलं, नंतर त्यांना पस्तावा झाला का?

नाही म्हणणं सोपं होतं. पण ज्याचा पाय फटीत अडकला होता त्याच्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, "दर दसऱ्याला तुझी वाट पाहायचे. दाराशी बसून. पण पाठवलं नसतं तर बरं झालं असतं, असं एकदाही म्हणाले नाहीत. माझ्यासमोर तरी नाही."

 त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्टही ओलाच होता, त्यामुळे काच जास्तच खराब झाली. मग म्हणाला, डास फार आहेत इथे.

बोट आली तेव्हा पाऊस थांबला होता. एका वल्ह्यावर मित्रा, दुसऱ्यावर एल्स्पेथबाई. बाई काठाला लागेपर्यंत रागावत होत्या, पण त्यांच्या भाषेत, त्यामुळे आम्हाला फारसं लागलं नाही. अरविंदला आडवा धरून आत घेताना बोट कलली आणि माझ्या साडीचा अर्धा भाग तळ्यात बुडाला.  परतीला वल्हं मारताना मित्राचे दात वाजत होते. अरविंदने आपला स्वेटर काढून तिच्या पाठीवर टाकला. तोही ओलाच होता, पण तिने तो तसाच राहू दिला.

सकाळी

बाईंनी त्याचा घोटा गोठवलेल्या मटारच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर उशीवर ठेवला होता. मोडला नव्हता, मुरगळला होता. सकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. न्याहारीला ओट्सची पेज होती. त्यात साखर मागितली तर बाईंना अपमान वाटतो, मीठच घालायचं. मला ती आवडली. आपल्या कण्यांची लांबची बहीण.

अरविंद बराच वेळ वाटीत चमचा फिरवत होता. मग खाली पाहूनच त्याने विचारलं, "त्या तिकडच्या शाळेत फोन असेल ना?"

मित्रा म्हणाली, असेल, का? आणि पेज खाऊ लागली. तिला मराठी चांगलं कळतं, पण बापाचं मराठी कळत नाही. आमच्या घरात होकार सरळ येत नाही. थंडी किती असते, फोन असेल ना, असा आडवाटेने येतो. हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, हो म्हणतोय तो."

तिने चमचा ठेवला. बापाकडे पाहिलं. त्याने डोळे वर केले नाहीत. ती उठली, दाराशी उभ्याने बूट चढवले आणि बाहेर पडली. नाड्याही नीट बांधल्या नव्हत्या.

"मी हो कुठे म्हटलं?" अरविंद मला म्हणाला.

खिडकीतून ती तळ्याच्या काठाने पळत जाताना दिसत होती, झाडी सुरू व्हायला अजून शंभरेक पावलं होती. खिडकी उघडीच होती. त्याने तिला हाक मारली नाही.